फाईलमध्ये नसलेलं तोंड

दीर्घ आजाराचं माणूस घरात असलं की घरात एक फाईल असते. आमच्याकडे दोन आहेत. आईची निळी आणि नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पिवळी. आईच्या फाईलमध्ये मधुमेह, रक्तदाब आणि आता मूत्रपिंडं. नानांच्या फाईलमध्ये पक्षाघात आणि त्याच्या मागून आलेलं सगळं. क्रिएटिनिन कधी किती होतं, डोळ्यांच्या पडद्याचा फोटो, तळपायाची संवेदना तपासल्याचा कागद, हृदयाचा एको, पोटाची सोनोग्राफी, मोतीबिंदूच्या लेन्सचं स्टिकरसुद्धा जपून ठेवलेलं. नवीन डॉक्टरांपुढे ही फाईल ठेवली की माणूस डोक्यापासून पायापर्यंत उलगडतो. ओठांच्या आत काय आहे याचा मात्र एकही कागद नाही. डॉक्टर म्हणतात, "जीभ दाखवा." आई जीभ दाखवते. ते जिभेवरून नजर फिरवून पुढे जातात. जिभेच्या दोन्ही बाजूंना जे उभं आहे, ते त्यांच्या खात्यात येत नाही.

मग ते येतं कोणाच्या खात्यात? दाताचे डॉक्टर म्हणतात, आधी फिजिशियनचं पत्र आणा. फिजिशियन म्हणतात, दाताचं तुम्ही दाताच्या डॉक्टरांनाच विचारा. विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये दातांचा रोजचा खर्च बसतच नाही, अपघातात जबडा फुटला तर गोष्ट वेगळी. घरातले म्हणतात, "एवढी मोठी दुखणी चालली आहेत, त्यात दातांचं काय घेऊन बसलीस?" आणि ज्याचे दात आहेत तो म्हणतो, "गेले तर गेले. कवळी बसवू."

मला या "मोठ्या दुखण्यां"चीच गंमत वाटते. हॅराल्ड लो नावाचे नॉर्वेत जन्मलेले एक दंतवैज्ञानिक होते. अमेरिकेच्या सरकारी दंतसंशोधन संस्थेचे ते बरीच वर्षं संचालक होते. १९९३ साली त्यांनी एका लेखात हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलं. आधीचे पाच आपल्याला माहीत असतात: डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा. या पाचांसाठी आईच्या फाईलमध्ये पाच वेगळ्या रंगांचे कागद आहेत. सहाव्याला तीस वर्षं उलटून गेली तरी कागद मिळालेला नाही. आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ साली आलेला अंदाज सांगतो की देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे एवढ्या फायली, आणि त्यांतल्या बहुतेक ओठांपाशी येऊन थांबलेल्या.

हे प्रकरण दोन्ही बाजूंनी चालतं. साखर वाढलेली असली की हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, लाळ कमी होते आणि हिरड्या सुजतात. सुजलेल्या हिरड्यांतून दाहाची रसायनं रक्तात जात राहतात आणि इन्शुलिनचं काम अडवतात. साखर पुन्हा वाढते. हिरड्यांचा आजार बळावलेल्या माणसाच्या सगळ्या दातांभोवतीचा सुजलेला भाग एकत्र मांडला तर साधारण ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतो, असं एका अभ्यासात मोजलेलं आहे. एवढी ओली जखम आईच्या पायाला असती तर? घर हादरलं असतं. भावाने पुण्याहून दिवसातून चार फोन केले असते, ड्रेसिंगला माणूस आला असता, गल्लीतल्या बायका शहाळी घेऊन आल्या असत्या. तोंडातल्या जखमेला फक्त "ब्रश केला की जरा रक्त येतं" एवढीच नोंद मिळते, तीही तोंडी.

आणि रक्त येतं म्हणून आईने केलं काय, तर ब्रश बंद केला. बोटाने घासायला लागली. हे फक्त आईचं नाही, मी जिथे जिथे विचारलं तिथे हेच ऐकलं. रक्त आलं की माणूस हात आखडतो, कीटण आणखी साठतं, सूज वाढते, रक्त जास्त येतं.

आईला मिरजेतल्या एका दंतवैद्य बाईंकडे नेलं ते वरची दाढ हलते म्हणून. "काढून टाका" हे वाक्य ती रिक्षातच घोकत होती. बाईंनी दाढेकडे बघायच्या आधी गोळ्यांची पाकिटं मागितली. चिठ्ठी नको, पाकिटंच. मी पिशवी टेबलावर पालथी केली. त्यांनी एकेक पाकीट उलटं करून नाव वाचलं आणि एक बाजूला काढलं. अमलोडिपिन, रक्तदाबाची. "ही किती वर्षं चालू आहे?" मग आरशाने आईचा ओठ वर करून मला दाखवलं. हिरड्या दातांवर चढलेल्या होत्या, दोन दातांमध्ये मांसाचे लहान लहान फुगवटे. मला ते वयाचं वाटत होतं. रक्तदाबाच्या या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांच्या हिरड्या अशा वाढतात. फिटसाठी दिली जाणारी फेनिटॉइन आणि किडनी बदललेल्यांना मिळणारी सायक्लोस्पोरिन यांनीही वाढतात. कीटण असलं तर जास्तच. बाईंनी फिजिशियनना चार ओळी लिहिल्या, त्यांनी गोळी बदलून दिली, आणि काही महिन्यांत हिरड्या उतरल्या. दोन डॉक्टरांत चार ओळींचा पत्रव्यवहार झाला याचं मला त्या औषधापेक्षा जास्त अप्रूप वाटलं. (गोळी मात्र स्वतःच्या मनाने कोणी बंद करू नये. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं तर मुळीच नको. दात काढायचा म्हणून आठवडाभर आधीपासून ती गोळी सोडून बसणारे लोक मी पाहिले आहेत. दातातलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. हृदयात किंवा मेंदूत रक्ताची गाठ अडकली तर तिथे कापसाचा बोळा ठेवता येत नाही.)

मग त्यांनी विचारलं, "मावशी, मशेरी लावता?"

आईने माझ्याकडे बघितलं. तासगावकडच्या आमच्या गावात मशेरी ही पहाटेची गोष्ट आहे. तव्यावर काळी केलेली तंबाखू, चुलीपाशी बसून, बोटाने हिरड्यांवर, निवांत. बायकांना दिवसात स्वतःसाठी मिळणारी तेवढी एकच वेळ. तिला दात घासणं म्हणतात, पण दातांशी तिचा संबंध नावापुरता. लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं धरतं, असं सांगतात, आणि तेही खरंच असतं, कारण ती तंबाखू आहे. तंबाखू हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी करते, त्यामुळे आजार आत वाढत असताना रक्त मात्र कमी येतं. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवलेली. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, मशेरीला ती कोण करणार? ती घरात भाजली जाते. आई म्हणाली, "कधीतरी." बाई हसल्या आणि "कधीतरी" असंच लिहून घेतलं. त्यानंतर तिने ती सोडली का? कमी केली. एवढंच मी सांगू शकते.

दाढ त्यांनी त्या दिवशी काढलीच नाही. आधी सगळं तोंड साफ करायचं म्हणाल्या, हिरडीच्या खालचंसुद्धा. इथे घरात वादळ झालं, कारण दात साफ करून घेतले की हलायला लागतात हे आमच्याकडे वेदवाक्य आहे. मी ते बाईंनाच विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की हाड केव्हाच खाली गेलेलं असतं, वरचा कीटणाचा दगड दातांना एकमेकांशी बांधून ठेवतो. दगड काढला की दाताची खरी अवस्था कळते. साफ करण्याने दात हलत नाहीत, हलत होते ते उघडं पडतं. आणि सूज उतरली की त्यांतले बरेचसे पुन्हा घट्टही होतात.

साखरेवर याचा परिणाम होतो का, हा भावाचा प्रश्न. त्याला आकडा दिल्याशिवाय पटत नाही. आकडा आहे. कॉक्रेन या संस्थेने जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ साली काढलेला निष्कर्ष सांगतो की हिरड्यांचा उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.४३ टक्क्याने खाली येते. ऐकायला थोडं वाटतं. पण एखादी जादाची गोळी सुरू केली तरी कधीकधी एवढंच मिळतं, आणि ती गोळी जन्मभर घ्यावी लागते.

एक बारीक गोष्ट, पण सांगून ठेवते. मधुमेहाच्या माणसाला दाताच्या डॉक्टरांकडे उपाशी नेऊ नये. आपल्याला दवाखाना म्हटला की उपाशीपोटी जायची सवय लागलेली आहे, रक्त तपासून तपासून. पेशंट गोळी घेऊन, नाश्ता न करता येतो, बाकावर दीड तास थांबतो, आणि खुर्चीवर घाम फुटून साखर खाली जाते. सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता करून, गोळी घेऊन जावं.

डायलिसिस सुरू झाल्यावर आईचं तोंड पुन्हा वेगळं झालं. पाणी मोजून प्यायचं, म्हणून घशाला सतत कोरड. तोंडाला एक अमोनियासारखा वास, चव गेलेली. लाळ ही दातांची राखणदार, तीच आटली तर दात मुळाशी किडायला लागतात. डायलिसिसच्या हॉलमध्ये शेजारच्या खाटांवरचे लोक कोरड मारायला गोळ्या चघळत असतात, लिमलेटच्या, खडीसाखरेच्या. चार तास साखरेच्या पाकात दात. त्यापेक्षा गार पाण्याने चूळ भरून थुंकून टाकली तर पाण्याच्या हिशेबातही धरावी लागत नाही. बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं तरी लाळ सुटते. आईला च्युइंगम म्हणजे कॉलेजच्या पोरांचा चाळा वाटतो, त्यामुळे तिने चूळ घेतली.

दातांचं काम डायलिसिसच्या दिवशी करायचं नाही. त्या दिवशी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी करायचं, तेव्हा हेपॅरिन उतरलेलं असतं आणि अंगातला कचराही नुकताच निघालेला असतो. ज्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी जोडून केलेली रक्तवाहिनी, आहे त्याला रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही. आणि दाढ ठणकली म्हणून मेडिकलमधून मनाने गोळी आणायची नाही. दुखण्यावरच्या आपल्या नेहमीच्या कित्येक गोळ्या किडनीच्या वैरी असतात. ही तीन वाक्यं मी कागदावर लिहून निळ्या फाईलच्या पहिल्या पानाला टाचली. तोंडाविषयीचा तो पहिला कागद.

पण आईचा खरा प्रश्न वेगळाच होता. आहारतज्ज्ञांनी शेंगदाणे बंद केले, डाळी मोजून, सुकं खोबरं बंद, हुरडा बंद. त्या दिवशी ती म्हणाली, "दात आहेत तर चणे नाहीत. मग दात ठेवून करू काय?" मला उत्तर सुचलं नाही. बाईंना सुचलं. "शिव्या द्यायला, मावशी. बोळक्या तोंडाच्या शिव्या कोणाला लागत नाहीत." गंमत सोडली तरी त्यांनी पुढे एक सांगितलं: किडनी बदलायची वेळ आलीच तर आधी तोंड तपासतात. नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होतात, त्या वेळी हिरडीत लपलेला जंतू परवडत नाही. आईची तशी वेळ येईल असं वाटत नाही. पण येणाऱ्यांनी आधीच ठेवावं लक्षात.

नानांची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे प्रश्न दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा होता.

पक्षाघातानंतर नाना बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते. नाकात नळी, त्यामुळे जेवण तोंडाने नाही, आणि जेवणच नाही तर दात कशाला घासायचे, असा सगळ्यांचा साधा हिशेब. वॉर्डातल्या मावशी अंग पुसत, कूस बदलत, पावडर लावत. तोंडाकडे कोणी वळत नसे. इथे मला लो यांचाच आणखी जुना प्रयोग आठवतो. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे त्यांनी १२ धडधाकट माणसांना, त्यांतले बहुतेक दंतवैद्यकीचे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, तर आठवड्याभरात उतरल्या. ही तरुण, निरोगी माणसं. मोठ्या आजारपणात इस्पितळात पडलेल्या म्हाताऱ्यावर आपण हाच प्रयोग करतो, फक्त त्याचा दुसरा अर्धा भाग करत नाही.

आणि तिथे गोष्ट हिरड्यांवर थांबत नाही. पक्षाघाताने गिळणं बिघडतं. तोंडातली घाण लाळेबरोबर अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. जपानमध्ये योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहिलं. जिथे जेवणानंतर काळजीवाहक दात घासून देत आणि दंतवैद्य मधूनमधून येऊन जात, तिथे ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला. जिथे नेहमीसारखं चाललं होतं तिथे १९ टक्क्यांना. औषध काय, तर ब्रश आणि तो धरणारा हात.

तो हात कोणाचा, यावर आमच्याकडे बरंच रामायण झालं. नाना म्हणजे पहाटे मागच्या दारी, न्हाणीघराच्या दगडापाशी, बाभळीची काडी तोंडात धरून उभे राहणारे. जीभ खरवडून ते असे खाकरत की चार घरांना उठायची वेळ कळे. लंगोट बदलू देणारे नाना ब्रश जवळ आणला की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे मान फिरवत. अंघोळ घालणं, मलमूत्र काढणं याला सेवा म्हणतात. त्याला पोथ्यापुराणांत जागा आहे. दुसऱ्याचे दात घासायला तशी जागा नाही. ते फक्त लहान मुलांचं करतात. सासऱ्याचं तोंड सून उघडणार, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि मलाही सोपं नव्हतं. त्यांच्या तोंडून नीट शब्द येत नव्हते, पण "नको" तेवढं स्पष्ट येई.

फिजिओथेरपीच्या मुलाने वाट काढली. पहिल्यांदा ब्रश त्यांच्याच हातात द्या म्हणाला, चालतो त्या डाव्या हातात. मूठ नीट वळत नव्हती म्हणून सायकलच्या हँडलची रबरी मूठ आणून ब्रशच्या दांड्यावर चढवली. नाना समोरचे दात घासत, वेडेवाकडे, अभिमानाने. मागच्या बाजूचं मी, खुर्चीच्या पाठीमागे उभी राहून, त्यांची हनुवटी तळहातावर धरून. मागून उभं राहिलं की एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. यानेच अर्धा संकोच गेला.

बाकीचं कामाचं आहे. माणूस बसलेला हवा, मान किंचित पुढे. आडवं झोपवून कधी नाही, ठसका लागतो. ब्रश लहान डोक्याचा, मऊ. पेस्ट पुसटशी, आणि थुंकता येत नसेल तर नुसता ओला ब्रश आणि कपड्याने पुसणं. लुळ्या बाजूचा गाल आवर्जून बघायचा. तिथे जेवणाचा घास तासन्‌तास बसून असतो आणि माणसाला पत्ताही नसतो. नानांच्या गालातून एकदा दुपारी चार वाजता सकाळची पोह्यांची मूठ निघाली. बोटाला गॉज गुंडाळून काढायचं, पण बोट दातांच्या मधे न्यायचं नाही. चावा बसतो, आणि तो मुद्दाम घेतलेला नसतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. नानांच्या खालच्या कवळीखाली पांढरी बुरशी धरली होती, तिला औषध लागलं. दम्याचा स्टेरॉइडवाला पंप घेणाऱ्यांनाही ही बुरशी धरू शकते, म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायला सांगतात.

नानांच्या निमित्ताने अष्टांगहृदयातला दिनचर्येचा भाग वाचला. वाग्भटाने दातवण कसं असावं ते सांगितलंय: करंगळीच्या टोकाएवढं जाड, बारा अंगुळं लांब, चावून मऊ केलेलं, आणि ते हिरड्यांना इजा होऊ न देता वापरावं. आणि त्यापुढेच ते कोणी करू नये याची यादी आहे: अजीर्ण, उलटी, दमा, खोकला, ताप, तोंड आलेलं, हृदयरोग, आणि अर्दित, म्हणजे तोंड वाकडं झालेला माणूस. काडीच्या काळात हे शहाणपणाचंच होतं. लुळ्या तोंडात काडी घालणार कशी? पण काडी गेली, मऊ ब्रश आला, आणि आजाऱ्याला दिलेली सूट मात्र आपल्या घरांत तशीच राहिली. "आजारी आहे, आज दात राहू देत." हे वाक्य आजही किती मायेने म्हणतात.

माझ्या मावसभावाला लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप गेली, आता कृत्रिम बसवलेली आहे. त्याला दाताच्या रक्त निघणाऱ्या कामाआधी तासभर प्रतिजैविकाचा मोठा डोस घ्यावा लागतो, नाहीतर तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसू शकतात. हे त्याला माहीत आहे, झडपेच्या कार्डावर लिहिलेलं आहे. त्याला माहीत नव्हतं ते हे, की हिरड्या खराब असतील तर रोज घासताना, चावतानाही तेच जंतू रक्तात उतरत असतात. कधीतरी घेतलेल्या गोळीपेक्षा रोजचं स्वच्छ तोंड त्याला जास्त वाचवतं. कर्करोगाला गळ्यावर किरणं घेणाऱ्यांचं, हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं तर सगळं आधीच व्हायला हवं. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा, उघडं पडण्याचा धोका असतो. त्यांच्या डॉक्टरांनी तोंडाचा विषय काढला नाही तर घरच्यांनी काढावा.

येत्या मंगळवारी आईची खालची दाढ काढायची आहे. भावाला रविवार हवा होता, त्याला सुट्टी असते. पण डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार, त्यामुळे मंगळवारच ठरला. किडनीच्या डॉक्टरांचं पत्र आलं आहे, रक्ताचा रिपोर्ट आला आहे, नाश्ता करून यायचं ठरलं आहे. आणि काल आईने कालनिर्णय उघडून जाहीर केलं की मंगळवारी अंगारकी आहे, ती काही खाणार नाही. मी बाईंना फोन लावून तिच्या कानाला दिला. त्या म्हणाल्या, "मावशी, ज्याचा उपास धरताय तो स्वतः एकदंत आहे. दाताचं दुखणं त्याच्याइतकं कोणाला कळणार? खाऊन या."

आईने फोन मला परत दिला. "भगर चालेल का, ते किडनीच्या डॉक्टरांना विचारून ठेव," म्हणाली.